सील जवळ येईपर्यंत

"थंय पाण्यात बघूचा काय आसा गो?" बाबांनी फोनवर विचारलं.

प्रश्न त्यांच्या जागी बरोबर होता. मालवणच्या बंदरातून त्यांनी चाळीस वर्षं होडी बाहेर काढली. मी पाण्याखाली पहिला श्वास घेतला तोही तिथलाच, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठीमागे, २८ अंशांच्या कोमट पाण्यात. आता मी इंग्लंडमधल्या न्यूकासलमध्ये फार्मासिस्ट आहे आणि इथला समुद्र ऐन उन्हाळ्यातही १३-१४ अंशांच्या वर क्वचितच जातो. "सील बघूचे आसत," मी म्हटलं. आपल्याकडे सील नाहीतच, म्हणून त्यांना समजावून सांगावं लागलं: तोंड कुत्र्यासारखं, अंग माशासारखं, आणि मादी पिल्लाला दूध पाजते. "मगे तो मासो न्हय," बाबा म्हणाले.

न्यूकासलहून उत्तरेला दीड तास गाडी चालवली की सीहाउसेस नावाचं छोटं बंदर लागतं. तिथून समोर दिसतात ती फार्न बेटं. बेटं म्हणायचं ते मोठेपणाने, खरं तर काळ्या डोलेराइट दगडाचे उघडे सुळके आणि पाठी. भरती-सुकतीप्रमाणे त्यांची संख्या पंधरा-वीसपासून पंचवीस-अठ्ठावीसपर्यंत बदलते. १९२५ पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहेत. जगातल्या करड्या सीलपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ब्रिटनच्या किनाऱ्यांवर राहतात, आणि फार्न ही त्यांची इंग्लंडमधली फार जुनी वस्ती. दर हिवाळ्याच्या तोंडावर इथे दोन हजारांहून जास्त पिल्लं जन्मतात.

ठरवलं जानेवारीत, प्रत्यक्ष सीलच्या शेजारी बसले सप्टेंबरात. मधले आठ महिने गेले एका कपड्यापायी.

तो कपडा म्हणजे ड्रायसूट. मालवणला आपण वेटसूट घालतो, म्हणजे पाणी आत येतं आणि अंगाच्या उबेने तापतं. थंड पाण्यात तेवढ्यावर भागत नाही, कारण पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. ड्रायसूटमध्ये पाणी आत येऊच द्यायचं नाही. गळ्याशी आणि मनगटाशी रबराचे घट्ट पट्टे, पाठीवर आडवी जाड चेन, आत लोकरीसारखा जाड झब्बा-पायजमा. छातीवर हवा भरायची कळ, डाव्या दंडावर हवा सोडायची. खाली जाल तसा पाण्याचा दाब सूट अंगाशी आवळतो, म्हणून थोडी थोडी हवा भरत राहायचं. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून सोडत राहायचं. वाचायला सोपं आहे. अंगावर घातल्यावर ध्यानात आलं की माझी चार वर्षांची सवय आता उपयोगाची नाही.

मार्चमध्ये एका जुन्या दगडखाणीत सराव होता. खाणीत पाणी भरलेलं, तापमान ५ अंश. पाण्यात तोंड घातलं तेव्हा कपाळावर कुणी बत्ता मारल्यासारखं झालं आणि श्वास आपोआप धापेवर गेला. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की पहिला मिनिटभर असं होणारच, काठ धरून थांबायचं आणि श्वास सोडण्याकडे लक्ष द्यायचं. मी थांबले. धाप बसली. मग सहा मीटरवर एका कपारीखाली वाकून बघायला गेले आणि डोकं खाली, पाय वर झाले.

सूटमधली हवा नेहमी सर्वांत वरच्या जागी जाते. माझ्या बाबतीत ती पायांत गेली. बूट फुग्यासारखे टम्म झाले, मी उलटी लटकले आणि तशीच वर खेचली जाऊ लागले. हवा सोडायची कळ दंडावर होती, पण हवा दंडात नव्हतीच, त्यामुळे कळ फिरवून काही होईना. सहा मीटर फार खोल वाटत नाही, पण पृष्ठभागाजवळच हवा सर्वांत झपाट्याने फुगते. त्या क्षणी श्वास धरून ठेवला असता तर फुप्फुसाला इजा झाली असती. तेवढं एक शिक्षण अंगात मुरलेलं होतं. तोंडातून बुडबुडे सोडत राहिले आणि पाय आधी, डोकं नंतर अशी बाहेर आले. काठावर बसले तेव्हा हात थरथरत होते, आणि ते थंडीने नव्हतं.

त्या दिवशी हा नाद सोडायचं मनात आलं होतं. पुढच्या रविवारी परत गेले त्याचं कारण त्या बाई. त्यांनी मला दुसरं काहीच करू दिलं नाही. मुद्दाम पाय वर करायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटी मारून सरळ व्हायचं, डावं कोपर उंच करून हवा सोडायची. पुन्हा. पुन्हा. एका दुपारी वीसेक वेळा. सतराव्या-अठराव्या खेपेला अंग विचार न करता फिरू लागलं. थंड पाण्यात उतरायचं असेल त्याने पैसे कॅमेऱ्यावर घालण्याआधी या एका कोलांटीवर घालावेत, असं माझं अगदी ठाम मत आहे.

दुसरी अडचण वजनाची. आतल्या जाड कपड्यांत आणि सूटमध्ये एवढी हवा असते की बुडायला मला मालवणात चार किलो शिसं पुरायचं, इथे बारा लागलं. ते कमरेला बांधून बोटीच्या हलत्या फळीवर उभं राहणं हे वेगळंच कसब आहे. ते मे ते ऑगस्ट दर पंधरवड्याला कुठे ना कुठे उतरून जमवलं.

सप्टेंबरच्या मध्यावर, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-सुकतीचा जोर सर्वांत कमी असतो तेव्हा, आम्ही सीहाउसेसला गेलो. उधाणाला इथे पाणी चार मीटर चढतं-उतरतं, मालवणच्या जवळजवळ दुप्पट, आणि बेटांमधल्या चिंचोळ्या गल्ल्यांतून नदीसारखं धावतं. म्हणून भांग धरायचा आणि भरती-सुकतीच्या मधलं थांबलेलं पाणी गाठायचं. बोटीच्या तांडेलाने, म्हणजे इथले लोक स्किपर म्हणतात त्याने, हे सांगितलं तेव्हा मला बाबाच बोलताहेत असं वाटलं. शब्द इंग्रजी, हिशेब तोच.

मग त्याने नियम सांगितले. सीलचा पाठलाग करायचा नाही. हात लावायचा नाही. खडकावर पहुडलेल्या सीलजवळ पोहत जायचं नाही. घाबरून एकदम पाण्यात पडले तर त्यांची शक्ती वाया जाते, कधी धडपडून लागतंही. १९१४ साली ब्रिटनने करड्या सीलच्या रक्षणासाठी कायदा केला, कारण शिकारीमुळे ते अगदी थोडे उरले होते. आज समोरच्या खडकांवर ते शेकड्याने लोळत होते, आणि वाऱ्यावर त्यांचं रडण्यासारखं, गाण्यासारखं लांबट हुंकारणं येत होतं. कुणी ऐकलं तर भजनाचा सूर लावणाऱ्याचा गळा बसलाय असं वाटावं.

हात लावायचा नाही याला माझ्या धंद्यातलंही एक कारण आहे. सीलच्या तोंडातल्या जंतूंमुळे चावल्यावर बोट सुजतं, सांधा धरतो. जुन्या काळी शिकाऱ्यांची बोटं यात कायमची जायची. नेहमीचं पेनिसिलिन इथे चालत नाही, टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं. बोटीवर मी हे सगळ्यांना सांगितलं. माझ्या बडीने, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदारणीने, ती पन्नाशीची शाळेतली बाई, शांतपणे हातमोजा आणखी वर ओढला.

बिग हारकार खडकाजवळून जाताना तांडेलाने बोट दाखवलं. १८३८ च्या सप्टेंबरात फोर्फारशायर ही वाफेची बोट वादळात इथे फुटली. लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची २२ वर्षांची मुलगी, ग्रेस डार्लिंग, वडिलांबरोबर होडी वल्हवत गेली. दोन खेपांत मिळून नऊ जण वाचले. तांबडं-पांढरं दीपगृह अजून उभं आहे. बाप आणि लेक एका होडीत, एवढ्यानेच माझं मन भरून आलं, ते कुणाला सांगितलं नाही.

पहिला डाइव्ह वाया गेला, आणि तो मीच घालवला. पाणी १२ अंश, दहा मीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं. लांबवर एक करडी आकृती वळली की मी पाय मारत तिकडे. तिथे पोहोचेपर्यंत काही नाही. पुन्हा दुसरीकडे. पंचवीस मिनिटांत हवा अर्ध्याहून जास्त संपली. वर आल्यावर बडी म्हणाली, "एक सील पूर्ण वेळ तुझ्या पाठीमागे होता. तू वळलीस की तोही वळायचा."

दुसऱ्या वेळी आठ मीटरवर दोन धोंड्यांच्या मधे जागा शोधली. वर केल्पचं रान. हे समुद्रशेवाळ इथे माणसाच्या उंचीचं होतं. काठीसारखे ताठ देठ आणि वर पंजासारखी पसरलेली तपकिरी पानं. माडांच्या बागेत उताणं पडून वर बघावं तसं दिसतं. धोंड्यांच्या अंगावर पांढरे आणि नारिंगी मऊ प्रवाळ, ज्यांना इथे मेलेल्या माणसाची बोटं म्हणतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक बोटावर शेकडो बारीक फुलं उघडलेली, आठ-आठ पाकळ्यांची. मी सूटमधली हवा सोडली, खडकावर जड होऊन बसले, हात छातीशी घेतले आणि श्वास लांब केला.

पाच मिनिटं काही नाही. आठ मिनिटं. बोटांची टोकं बधिर होऊ लागली. मग डाव्या पायाला हिसका बसला.

फिनचं, म्हणजे पोहायला पायात घालतात त्या रबरी पंखाचं, टोक कुणीतरी धरलं होतं. मार्चमधली मी असते तर दचकून पाय वर केले असते. आता फक्त मान वळवली. एक तरुण मादी, अंगावर फिक्या रंगात काळे डाग, फिनचा काठ तोंडात घेऊन हळूच चावून बघत होती, वासरू दाव्याशी खेळतं तशी. सोडलं, पुन्हा धरलं. मग खालून सरकत माझ्या समोर आली.

मिशा मी त्याआधी इतक्या जवळून पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक केस जाड, थोडा नागमोडी, आणि सगळे मिळून पुढे येऊन थरथरत होते. या मिशांनी सील अंधारातसुद्धा पोहून गेलेल्या माशाचा माग पाण्याच्या हालचालीवरून काढतो. नाकपुड्या घट्ट मिटलेल्या, नुसत्या दोन रेघा. सीलची नाकपुडी मिटलेलीच असते, उघडायला स्नायू वापरावा लागतो. डोळे काळेभोर, एवढे मोठे की त्यांत माझे बुडबुडे वर जाताना दिसले. शास्त्रीय नाव हॅलिकोइरस ग्रायपस, म्हणजे बाकदार नाकाचं समुद्रडुक्कर. ज्याने हे नाव दिलं त्याने हा चेहरा पाण्याखाली पाहिला नसावा.

तिने मिशा माझ्या हातमोज्याला टेकवल्या. मी हात हलवला नाही. तिच्या अंगावरून एकही बुडबुडा निघत नव्हता. सील बुडण्याआधी श्वास सोडून देतो, प्राणवायू रक्तात आणि स्नायूंत साठवतो, हृदयाचे ठोके मंद करतो. मी बारा लिटरची टाकी पाठीवर घेऊन, श्वास मोजत, थंडीशी हुज्जत घालत बसले होते, आणि ती काहीही न घेता आली होती. मला हेवा वाटला नाही. तिच्या घरी मला बसू दिलंय, एवढंच वाटत होतं.

तेवढ्यात दूर कुठेतरी फटाक्यासारखा कोरडा आवाज झाला. मादी क्षणात वळली आणि केल्पमध्ये नाहीशी झाली. नर सील पुढचे दोन पंजे पाण्याखाली टाळीसारखे आपटतात, दुसऱ्या नरांना धाकात ठेवण्यासाठी आणि माद्यांना कळावं म्हणून. न्यूकासल विद्यापीठाचे संशोधक बेन बर्व्हिल यांनी ही टाळी १७ वर्षांच्या प्रयत्नांनंतर याच बेटांजवळ चित्रित केली. मोठा नर ३०० किलोपर्यंत जातो. मी खडकाला आणखी चिकटून बसले.

ती परत आली, बरोबर आणखी एक घेऊन. दोघी माझ्या डोक्यावर उताण्या तरंगत होत्या. एकीने माझी पोटरी पुढच्या पंजांनी धरली. पाच नखं सूटवरून जाणवली, घट्ट पण जपून. बडी समोरच्या धोंड्याशी बसून हे बघत होती. मास्कच्या आत तिचे डोळे भरले होते. माझेही.

मग केल्पची पानं एका बाजूला कलू लागली. थांबलेलं पाणी पुन्हा वाहू लागलं होतं. अंगठा वर करून आम्ही निघालो, डावं कोपर उंच, हवा थोडी थोडी सोडत, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून. बोटीच्या लिफ्टवर उभी राहिले तेव्हा वीसेक हातांवर एक करडं डोकं पाण्याबाहेर उभं होतं, आमच्याकडे बघत.

रात्री बाबांना फोन केला. डाव्या फिनच्या काठावर चार बारीक खुणा उमटल्या होत्या, त्याचा फोटो आधीच पाठवला होता.

"चावलो?" बाबांनी विचारलं.

"चाखून बघल्यान," मी म्हटलं.

ते बराच वेळ फोटो बघत असावेत. घरातली भिंत, मागे टीव्ही, आईचं काहीतरी बोलणं ऐकू येत होतं.

"मगे परत कधी जातलंस?"

"पुढच्या भांगाक. पिल्लां होवच्या आदी."