बुरशीचं नाव नंतर विचारा, आधी पाणी शोधा

जुन्या घरातून मला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : "बुरशीची टेस्ट करून द्याल का?" मी घरं तपासते, आणि त्यातही जुनी, जाड भिंतींची, लाकडी तुळयांची घरं माझ्याकडे जास्त येतात. माझं उत्तर ऐकून पुष्कळ जण नाराज होतात. भिंतीवरचे काळे-हिरवे ठिपके तुम्हाला दिसत असतील, तर टेस्टवर पैसे घालू नका, असं मी सांगते. बुरशी आहे हे तुम्हाला कळलंच आहे. ती कोणत्या जातीची आहे हे कळल्यानं पुढचं काम बदलत नाही. ती जागा साफ करायची किंवा तेवढा भाग काढून टाकायचा, आणि ज्या पाण्यावर ती जगते ते पाणी बंद करायचं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ईपीए हीसुद्धा हेच सांगते : बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर नमुने घेण्याची बहुतेक वेळा गरज नसते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. हवेत बुरशीचे बीजाणू किती असले म्हणजे धोका, असा आकडा त्यांत नाही. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, दम्याचा त्रास जास्त होतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे, पण 'अमुक आकड्याच्या खाली सुरक्षित' अशी रेषा आखता आलेली नाही. त्यामुळे एखाद्या अहवालात लाल-हिरव्या पट्ट्या आणि 'सुरक्षित मर्यादा' छापलेली दिसली, तर ती मर्यादा कोणी ठरवली हे विचारा. घाबरवणारे अहवाल हातात घेऊन रात्र-रात्र न झोपलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या घरांत पाणी कुठून येतंय याचा शोध कोणी घेतलेलाच नव्हता. याचा मला मनापासून राग येतो.

तपासणी म्हणजे काय, ते सांगते. मी घराच्या बाहेरून सुरुवात करते. पन्हळ कुठे तुंबली आहे, पावसाचं पाणी खाली येऊन भिंतीच्या पायाशी साचतं का, छपराच्या आणि भिंतीच्या सांध्यात फट आहे का. जुन्या घरांत एक गोष्ट हमखास सापडते. वर्षानुवर्षं फरशीवर फरशी, भरावावर भराव पडत जाऊन बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेली असते. मूळ बांधणाऱ्यानं जोतं विचार करून उंच ठेवलेलं असतं, आणि नंतरच्या माणसांनी ते मातीत गाडलेलं असतं. मग भिंतीचा खालचा हात-दोन हात भाग कायम ओला राहतो. अशा एका घरात मागच्या खोलीत झोपणाऱ्या आजोबांचा खोकला जात नव्हता. भिंतीवर बुरशीनाशक रंगाचे थरावर थर चढले होते. आम्ही बाहेरचा भराव उकरून जमीन खाली नेली आणि पाण्याला उतार दिला. रंगानं जे कधीच झालं नसतं, ते तेवढ्यानं सुरू झालं : भिंत सुकायला लागली.

घरात शिरताना मी दाराशी थांबून वास घेते. कुबट वास पहिल्या काही क्षणांतच नीट कळतो, नंतर नाक त्याला सरावतं. म्हणूनच घरातल्यांना तो येत नाही आणि पाहुण्यांना येतो. पाहुणा तसं म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, कोणत्या खोलीत येतो ते त्यालाच विचारा.

मग कपाटं. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं कपाट सरकवलं की मागे बुरशी निघते, आणि घरचे म्हणतात, "पण इथे तर कुठली गळती नाही!" खरंच नसते. हवेतलंच पाणी असतं ते. समजा खोलीत २५ अंश तापमान आहे आणि आर्द्रता ६० टक्के. तीच हवा कपाटामागच्या २० अंशांच्या थंड कोपऱ्याला टेकली की तिथली आर्द्रता साधारण ८१ टक्क्यांवर जाते. बुरशीला भिंतीवरून पाणी ओघळायची गरज नसते, पृष्ठभागाजवळ ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता बराच काळ टिकली तरी तिला पुरतं. खोलीत भिंतीवर आर्द्रतामापक टांगून तुम्ही ६० वाचता आणि निर्धास्त होता, तेव्हा कोपऱ्यात वेगळाच हिशोब चाललेला असतो. कपाट वीतभर पुढे ओढणं आणि न्हाणीघराची वाफ थेट बाहेर काढणं, एवढ्या दोन गोष्टींनी सुटलेली प्रकरणं पुष्कळ आहेत.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे कळायला एक साधी युक्ती आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतलं बाष्प, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. प्रत्येक वेळी निकाल इतका स्वच्छ मिळत नाही, पण सुरुवातीला दिशा मिळते.

मॉइश्चर मीटर माझ्या पिशवीत कायम असतो, पण जुन्या भिंतीवर त्याच्या आकड्याला मी एकट्याला कधी साक्षीला उभं करत नाही. दोन टोकांचा मीटर विजेचा प्रवाह किती सहज जातो यावरून ओलावा ठरवतो, आणि जुन्या गिलाव्यात क्षार साठलेले असतात. क्षार वीज वाहू देतात. त्यामुळे तशी ओली नसलेली भिंतही मीटरवर चिंब दिसू शकते. असा एक आकडा दाखवून अख्खी भिंत फोडायला लावलेली मी पाहिली आहे. शंका असेल तर भिंतीला खोल भोक पाडून आतला चुरा काढायचा, वजन करायचं, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायचं. वेळ लागतो, पण उत्तर खरं मिळतं. लाकडात मात्र मीटर बरा चालतो. तुळईत किंवा चौकटीत २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकून असेल तर तिथे कूज धरायचा धोका आहे, असं धरून चाला. थर्मल कॅमेऱ्यावरही मी एकट्यावर विसंबत नाही. तो पाणी पाहत नाही, तापमान पाहतो. थंड डाग दिसला की तिथे मीटर लावून, हात लावून खात्री करायची.

आणि लोणा म्हणजे बुरशी नव्हे. भिंतीवर पांढरी भुकटी किंवा कापसासारखे तंतू दिसले की लोक घाबरतात. थोडी भुकटी पाण्यात टाका. विरघळली तर ते क्षार आहेत, बुरशी विरघळत नाही. लोणा लागल्यानं छातीत घरघर होत नाही, पण तिथून पाणी ये-जा करतंय हे तो स्पष्ट सांगतो, म्हणून त्याच्याकडेही दुर्लक्ष नको.

मग टेस्ट कधी करायची? काही ठिकाणी मी स्वतःच सुचवते. कुबट वास येतोय, त्रास होतोय, पण सगळं शोधूनही काही दिसत नाही तेव्हा. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात वाद आहे आणि कागदावर पुरावा हवा आहे तेव्हा. मोठं साफसफाईचं काम झाल्यावर ते नीट झालं का हे पाहायचं असेल तेव्हा. घरात केमोथेरपी चाललेलं किंवा अवयवरोपण झालेलं माणूस असेल तर मात्र टेस्टच्या निकालाची वाट पाहू नका. ॲस्परजिलससारखी बुरशी अशा माणसाच्या फुप्फुसात जिवावर बेतणारा संसर्ग करू शकते. आधी त्यांना त्या खोलीतून हलवा आणि डॉक्टरांना सांगा.

हवेची टेस्ट बहुतेक वेळा अशी होते : एका छोट्या पंपानं मिनिटाला १५ लिटर या वेगानं पाच-दहा मिनिटं हवा एका चिकट पट्टीवर ओढतात आणि ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याच दिवशी घराबाहेरचा नमुना घेतलेला नसेल तर आतल्या आकड्याला अर्थ नाही, कारण बीजाणू बाहेरच्या हवेतही सगळीकडे असतात. शिवाय तो नमुना त्या काही मिनिटांचाच असतो. कोणी झाडू मारला, पंखा लावला, खिडकी उघडली की आकडा बदलतो. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे सुटे बीजाणू या पद्धतीत वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून अहवालात दोघांची जोडी एकत्र लिहिलेली असते. आणि भिंतीवरच्या ज्या 'काळ्या बुरशी'चं नाव काढलं की सगळे हादरतात, त्या स्टॅकीबॉट्रिसचे बीजाणू ओले असताना चिकट असतात, सहज उडत नाहीत. ती भिंतीत असूनही हवेच्या नमुन्यात न सापडणं अगदी शक्य आहे. उलट, काळा दिसणारा प्रत्येक डाग तिचा नसतो. साधी क्लॅडोस्पोरियमही काळपट दिसते. रंगावरून जात ओळखणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि तपासणारा व दुरुस्ती करणारा एकच असेल तर दुसऱ्याचं मत घ्या.

साफसफाईबद्दल थोडक्यात. डाग चौरस मीटरभराच्या आत असेल तर मास्क, हातमोजे, चष्मा लावून घरच्या घरी साफ करता येतो. कठीण पृष्ठभाग साबणाच्या पाण्यानं घासून पूर्ण कोरडा करा. भिजलेला जिप्सम बोर्ड, गादी, गालिचा यांत बुरशी आत शिरलेली असते, ते टाकूनच द्या. ब्लीच मारून रंग उडतो, पण मेलेली बुरशीही ॲलर्जी करते. आणि जुन्या घरात काहीही खरवडण्याआधी, फोडण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या : रंगात शिसं आणि पत्र्यांत, पाइपांच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस. पैसे टेस्टवरच घालायचे असतील तर इथे घाला. लहान मुलं असलेल्या घरात शिशाचा रंग कोरडा घासला गेला, तर त्या धुळीनं होणारं नुकसान भरून येत नाही.

शेवटचं काम धीराचं आहे, आणि तिथेच लोक घाई करतात. गळती बंद झाली की दुसऱ्या आठवड्यात रंगारी बोलावतात. जाड दगड-विटांची भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना, असा ठोकताळा आहे. दीड फूट भिंतीचा हिशोब तुम्हीच करा. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट किंवा ऑइलपेंट चढवला तर आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती आणखी वर चढते, म्हणून तिथे पुन्हा चुनाच वापरा. तोवर दर महिन्याला त्याच तीन-चार जागांवर मीटर लावा आणि आकडा व तारीख पेन्सिलीनं भिंतीवरच लिहून ठेवा. क्षारांमुळे आकडा खरा नसला तरी उतरतोय की नाही हे कळतं. सलग काही महिने तो उतरून एका जागी स्थिर झाला, की मग रंगाऱ्याला फोन करा.