बिवा तलावाकाठी, पाण्याखालचे चहाचे वाडगे

क्योतोहून जेआरच्या गाडीने मोरियामाला उतरले आणि तिथून बस धरली. अर्धा तास दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं. बिवा तलाव जवळ आला तसं पाण्यात तरंगल्यासारखं सागावा कलासंग्रहालय दिसलं. 1998 साली ते सुरू झालं. मला बघायचं होतं ते 2007 मध्ये जोडलेलं राकू किचिझाएमोन दालन.

राकू हे क्योतोतल्या कुंभार घराण्याचं नाव. सोळाव्या शतकात चहाचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी चोजिरोने काळे-तांबडे वाडगे घडवले, तिथून ही परंपरा चालत आली. चाक नाही, वाडगा नुसत्या हातांनी उभारायचा आणि मग चाकूने तासायचा. काळा राकू तर भट्टीत लाल झालेला असतानाच चिमट्याने बाहेर ओढतात. मला सगळ्यात भावलं ते हे, की इथे बाप मुलाला झिलईची कृती सांगत नाही. प्रत्येक पिढीने आपली आपण शोधायची.

किचिझाएमोन हे घराण्याच्या प्रमुखाकडे पिढ्यान्‌पिढ्या येणारं नाव. पंधराव्या पिढीचे किचिझाएमोन 1949 साली जन्मले. तोक्योत शिल्पकला शिकून ते पुढे रोमला गेले. 2019 मध्ये मुलाकडे ते नाव सोपवून ते निवृत्त झाले आणि जिकिन्यू हे नवं नाव घेतलं. या दालनाची आणि इथल्या चहागृहाची कल्पना व आराखडाही त्यांचाच.

जिना उतरत गेले. खाली वरच्या पाण्यातून झिरपलेला उजेड भिंतीवर हलत होता. पुढची दालनं मात्र गडद, इतकी की डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागली. मग एकेक वाडगा अंधारातून वर आला. चोजिरोचे वाडगे मी चित्रांत पाहिले होते: शांत, मिटलेले. पंधराव्या पिढीचे हे वाडगे तसे नव्हते. कडा वाकड्या, अंगावर चाकूचे उभे-आडवे घाव, काळ्यावर मधेच सोन्या-चांदीचा, मधेच गंजलेल्या लोखंडाचा रंग. कोळशाच्या जबर आचेत भाजण्याच्या या पद्धतीला याकिनुकी म्हणतात. एका वाडग्यासमोर मी फार वेळ उभी राहिले. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी उतरून गेलं की कातळ जसा दिसतो, अगदी तसा तो होता. याला ओठ कुठून लावायचे, हा प्रश्न सुटेना. वाटलं, पिणाऱ्याने ती जागा शोधावी म्हणूनच तो असा घडवला असणार.

पण मध्ये काच होती, आणि हात शिवशिवत होते. राकूची माती सच्छिद्र, भाजणी हलकी. त्यामुळे आतला चहा वाफाळत असला तरी बाहेरून वाडगा नुसता उबदार लागतो, असं वाचलं होतं. आमच्या घरी स्टीलच्या पेल्यातला चहा आजी पदराने धरायची. तिच्या हातात हा वाडगा द्यायला हवा होता, असं तिथे उभं राहून फार वाटलं.

चहागृह आधी नाव नोंदवून, मार्गदर्शकासोबतच बघता येतं. मोठ्या खोलीची जमीन बाहेरच्या पाण्याला समतल आहे. गुडघे मोडून बसले आणि समोरचं पाणी थेट माझ्या बैठकीला येऊन भिडलं. झिंबाब्वेहून आणलेला काळा ग्रॅनाइट पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरलेला, पलीकडे पिवळी पडलेली लव्हाळी वाऱ्याने हलत होती. उभं राहिलं की हे केवळ एक सुंदर दृश्य. बसल्यावर मात्र आपण त्या पाण्याहून वर उरत नाही. सोबत आलेल्या जपानी काकू कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

परतीच्या बसची वाट बघताना यंत्रातून चहाचा गरम डबा घेतला. पत्रा चटकत होता. ओढणीत गुंडाळून तो दोन्ही हातांत धरला आणि काळोख पडेपर्यंत तशीच बसले.