कॅशूतला 'श' आणि काजूतला 'ज'

शिमगा झाला की म्हापशातल्या आमच्या छोट्या छापखान्यात लेबलांची रीघ लागते. काजूगर, हुर्राक आणि फेणी या काजूच्या दारू, बोंडूचं म्हणजे काजूफळाचं सरबत. गिऱ्हाईक मजकूर चिठ्ठीवर लिहून आणतं, आणि त्यात इंग्रजी 'कॅशू' दर चिठ्ठीत निराळा दिसतो. कुणी शेवटी यू लावतं, कुणी दोन ओ, कुणी ई गाळून नुसता डब्ल्यू ठेवतं. बरोबर स्पेलिंग सी-ए-एस-एच-ई-डब्ल्यू. शेवटची जोडी 'नेफ्यू', 'कर्फ्यू' यांच्यातलीच, ती पटकन लक्षात राहते. खरी गंमत आहे ती मधल्या एस-एचमध्ये.

हल्ली मोबाइलवर एक गोष्ट फिरते. केरळात पोर्तुगीज गिऱ्हाइकांना बिया विकताना बायका 'एका काशूला आठ' (काशू म्हणजे लहान नाणं) असं ओरडायच्या, त्यावरून कॅशू झालं म्हणे. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. काजूचं झाड मुळात ब्राझीलचं. तिथले तुपी लोक त्याला 'अकाजू'सारखं काहीतरी म्हणत. त्यांच्या भाषेत याच शब्दाचा दुसरा अर्थ 'वर्ष' असाही होता, कारण काजूचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. आमच्याकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात अजूनही 'गेल्या काजूंच्या वेळी' असं म्हणून जुनी घटना सांगतात, त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं.

पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, पुढचा 'अ' झडला आणि 'काजु' उरला. सोळाव्या शतकात त्यांनी झाड इकडच्या किनाऱ्यावर आणलं तेव्हा नावही त्याच गलबतातून आलं. पोर्तुगीज 'जे'चा उच्चार मात्र आपल्या 'ज'सारखा नाही, इंग्रजी 'प्लेझर'मधल्या झसारखा आहे. इंग्रजांनी त्याचा पुढे 'श' केला आणि एस-एच लिहिलं. इंग्रजीत आधी तेही नव्हतं. लिन्शोटेन नावाचा डच तरुण 1583 मध्ये गोव्यात आला, आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून इथे राहिला आणि मायदेशी परतल्यावर त्याने या मुलखाचं वर्णन लिहिलं. त्याचा इंग्रजी अनुवाद 1598 मध्ये निघाला. त्यात या फळाचं नाव 'जे' घालून, पोर्तुगीज वळणाने छापलं आहे. म्हणजे इंग्रजी वाचकाला या फळाची ओळख करून देणाऱ्यांत गोव्यात राहून गेलेल्या माणसाची लेखणीही होती. आपल्याकडे ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

मध्ये एक कॉलेजातला मुलगा वडिलांचं लेबल घेऊन आला होता. "ताई, काजू म्हणजे कॅशूचाच गावठी उच्चार ना? लेबलावर नको तो," म्हणाला. त्याला मी बसवून घेतलं आणि हे सगळं सांगितलं. काजू हा कॅशूचा अपभ्रंश नाही. दोघे एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं, आणि मूळ ध्वनी आपण जास्त जपला आहे. मराठीत काजूतला 'ज' आपण 'जीव'मधल्यासारखा नाही, 'जुना'मधल्यासारखा म्हणतो, हेही नीट ऐकून पाहा. मुलाने दोन्ही शब्द ठेवले.

कॅश म्हणजे रोकड, तिचाही याच्याशी संबंध नाही. ती आली पेटी या अर्थाच्या फ्रेंच-इटालियन शब्दांवरून. दक्षिणेतल्या लहान नाण्याला इंग्रज 'कॅश' म्हणत, तो आणखी वेगळा शब्द. तो तमिळ 'कासु'वरून पोर्तुगीजांमार्फत आला, आणि त्याच्या मुळाशी संस्कृत 'कर्ष' आहे. मोबाइलवरच्या गोष्टीने या दुसऱ्या कॅशची काजूशी गाठ मारली, इतकंच.

फेणीच्या बाटलीवर 'कॅशू फेणी' छापताना मला दरवेळी आनंद होतो. पहिला शब्द ब्राझीलच्या जंगलातला, दुसऱ्यात आपला फेस, फेन. 2009 मध्ये या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिच्या लेबलावरचं अक्षर न् अक्षर मी जास्तच जपून लावते.

शास्त्रीय नावाची कथा तर कॅशूपेक्षाही सरस. 1753 मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने काजूला 'ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटाले' म्हटलं. ऑक्सिडेंटाले म्हणजे पश्चिमेकडचं. ॲनाकार्डियममध्ये ग्रीक 'कार्डिया', म्हणजे हृदय, दडलेलं आहे. पण युरोपातले औषधविक्रेते हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून एका वेगळ्याच फळाला वापरत होते. ते फळ म्हणजे आपला बिब्बा! धोबी ज्याने कपड्यांवर खुणा करत, आजी पायात काटा मोडला की ज्याचा चटका देई, तोच. बिब्ब्याचं नाव काजूला गेलं, मग लिनियसच्या मुलाने बिब्ब्याला नवं नाव दिलं 'सेमेकार्पस', खुणेचं फळ, आणि जुनं ॲनाकार्डियम त्याच्या मागे जोडून ठेवलं. काजूच्या टरफलातलं तेलही बिब्ब्यासारखंच कातडी जाळतं, म्हणून बी फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख चोळून बसतात. दोन्ही झाडं एकाच कुळातली. त्या कुळाचं नाव 'ॲनाकार्डिएसी', आणि आपला मानकुराद आंबाही त्याच कुळातला आहे.