जास्वंदीची हजामत

आज अखेर धीर केला आणि परड्यातल्या जास्वंदीला कात्री लावली. तीन वर्षांत नुसती उंच वाढली होती. खाली उघडेबोडके दांडे, फुलं सगळी शेंड्याला, कौलांच्या वर. रोज सकाळी आकडी घेऊन देवाची फुलं काढायची, त्यात निम्म्या पाकळ्या फाटायच्या.

सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. पहिली फांदी पडली तशा म्हणाल्या, "अगो, आता देवाक काय काठये घालूचे?"

खरं सांगायचं तर हात माझाही थरथरत होता. कळ्यांनी लगडलेला शेंडा तोडायचा म्हणजे पापच वाटतं. पण शेंडा आहे तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. तो गेला की बाजूचे डोळे जागे होतात, एका दांड्याचे दोन-तीन होतात. आणि जास्वंद फुलते ती नव्या फुटीवरच. म्हणून बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघायचा आणि त्याच्या जरासं वर तिरका काप द्यायचा. एक तृतीयांशाहून जास्त काही काढलं नाही. आत घुसलेल्या दोन फांद्या मात्र मुळापासून उडवल्या. त्यांच्या बेचक्यात पिठ्या ढेकणांचा पांढरा कापूस साचला होता, शी!

बुंध्यात शेणखत, वर सुक्या पातेऱ्याचं आच्छादन. फेब्रुवारी संपत आलाय, गणेशचतुर्थीला भरपूर वेळ आहे.

संध्याकाळी बघते तर सासूबाईंनी तोडलेल्या शेंड्यांवरच्या कळ्या तांब्यात घालून देवापुढे ठेवल्या होत्या. माझ्याशी अजून अबोलाच आहे.