नोंदवहीतलं शून्य

बाळ सात आठवड्यांचं होतं. "मॅडम, झबलं घालताना डावा हात तो आपणच बाहेर काढतो. उजवा मला ओढून काढावा लागतो," आई म्हणाली.

उजवा हात अंगालगत पडलेला, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. मोरो रिफ्लेक्स, म्हणजे दचकल्यावर बाळाने दोन्ही हात फेकणं, पाहिला. डोकं अलगद मागे सोडताच डावा हात झटकन उघडला, उजवा जागचा हलला नाही. त्याच हाताच्या बोटांनी मात्र माझं बोट घट्ट धरलं. म्हणजे मानेतून निघणाऱ्या नसांची वरची, पाचवी-सहावी मुळं ताणली गेली होती, खालची शाबूत. अर्ब्स पाल्सी: जन्मताना या नसा ताणल्याने आलेला हाताचा लुळेपणा.

डिस्चार्ज कार्डावर 'हातापायांची हालचाल नॉर्मल' असं लिहिलेलं. खाली सही माझी. बाळ गुंडाळलेलं असताना घाईत तपासलं असणार. दुसरं कारण सुचत नाही.

"असं किती मुलांना होतं?"

"हजारात साधारण एक-दोन," मी पाठ केलेलं उत्तर दिलं. आमच्या विभागाच्या तक्त्यात मात्र बाळाच्या जन्माच्या महिन्यापुढे शून्य होतं, आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता!

ठिकठिकाणचे दर हजारी अर्ध्यापासून चारच्या आसपासपर्यंत दिसतात. फरक खरेही असतात: बाळांचं वजन, आईचा मधुमेह, जन्मताना खांदा अडकणं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून केलेलं बाळंतपण, सिझेरियनचं प्रमाण. (सिझेरियनने धोका घटतो, संपत नाही. आणि निम्म्याहून अधिक बाळांत यातलं काहीच सापडत नाही.) अमेरिकेत १९९७ मध्ये हजारी १.७ असलेला दर २०१२ मध्ये ०.९ वर आला. पण तो मोजला रुग्णालयातून घरी सोडतानाच्या नोंदींवरून. माझ्या सहीचं बाळ असल्या मोजणीत येतच नाही. बरं होण्याच्या टक्केवारीचंही तेच. पहिल्या दिवशीचा प्रत्येक लुळा हात मोजणाऱ्याला बहुतेक मुलं बरी झालेली दिसतात. सर्जनकडे मात्र न सुधारलेलीच पोचतात.

आईला मी चूक सांगितली. ती काही बोलली नाही, बाळाची बाही सारखी करत राहिली. कोपर तिसऱ्या महिन्यापर्यंत स्वतःहून वाकायला हवं; हातात जेमतेम पाच-सहा आठवडे. सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम दाखवले, सर्जनसाठी चिठ्ठी दिली.

मग नोंदवही मागवली. लिपिक म्हणाले, "मॅडम, तो महिना बंद झालाय."

म्हटलं, उघडा.