आमची वाटचाल: 960 पिक्सेलपासून पुढे

पहिली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते 2015 सालचं.

जळगावात गोलाणी मार्केटमध्ये आमचं वेबसाइट बनवण्याचं ऑफिस. प्रत्येक साइट 960 पिक्सेलच्या ठरलेल्या रुंदीची. फायरबग हे ब्राउझरमधलं तपासणीचं साधन उघडून एकेक पिक्सेल जुळवायचा, वर इंटरनेट एक्सप्लोरर 8 या जुन्या ब्राउझरसाठी वेगळी फाइल जोडायची. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. 21 एप्रिलला गुगलने मोबाइलवर नीट दिसणारी पानं मोबाइलच्या शोधात वर घ्यायला सुरुवात केली आणि बाहेरगावच्या एका एजन्सीचे आमच्या गिऱ्हाइकांना फोन सुरू झाले. गिऱ्हाइकांची यादी आमच्याच ऑफिसातल्या एका मुलाबरोबर तिकडे गेली होती. त्याला फ्लोट (चौकोन शेजारी-शेजारी बसवायची जुनी युक्ती) क्लिअर करायला मी शिकवलं होतं. अकरापैकी सात गिऱ्हाइकं तीन महिन्यांत गेली. त्या एजन्सीने दिलं काय त्यांना? मोबाइलची वेगळी साइट. मजकूर दोनदा बदलायचा, एकीकडे आजचा भाव, दुसरीकडे परवाचा. याला काम म्हणत नाहीत.

थांबलेल्या चौघांत सावद्याचे केळीचे व्यापारी अप्पा होते. ऑफिसात आले, खिशातला छोटा अँड्रॉइड टेबलावर ठेवला. "भाऊ, भाव दिसतो, पण गाव दिसत नही." तक्त्यात डावीकडे गाव, शेवटच्या रकान्यात क्विंटलचा भाव. सरकवत भावापर्यंत गेलं की गाव पडद्याबाहेर. त्या रात्री व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग टाकला, म्हणजे पान फोनच्या खऱ्या रुंदीत मांड असं सांगणारी ओळ. तो नसला की फोन स्वतःला 980 पिक्सेल रुंद समजतो. रुंद्या टक्क्यांत केल्या. 480 पिक्सेलच्या खाली मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारा नियम) लावून तक्ता मोडला: मथळ्याची ओळ लपवली, प्रत्येक ओळीचा चौकोन केला, वर गाव, खाली भाव. सकाळी अप्पांनी ते ट्रकवाल्याच्या फोनवरही उघडून बघितलं आणि वर्षाचे पैसे आगाऊ दिले. त्यात दोघांचे पगार झाले.

मार्च 2017 मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत सीएसएस या मांडणीच्या भाषेतलं ग्रिड, म्हणजे पान ओळी-रकान्यांत मांडायची सोय, आलं, फ्लोटची कसरत सुटली. आता कंटेनर क्वेरीमुळे अप्पांचा तोच चौकोन पडद्याऐवजी स्वतःच्या जागेची रुंदी बघून मांडणी बदलतो.

नव्या मुलांनी एवढं करावं. फोनची मॉडेलं बघून ब्रेकपॉइंट (मांडणी बदलायची रुंदी) लावू नका, मजकूर मोडतो तिथे लावा. ब्राउझरचं नाव तपासत बसू नका, सोय आहे की नाही ते सीएसएसच्या सपोर्ट्स नियमाने विचारा. आणि डेव्हटूल्समधल्या, म्हणजे ब्राउझरच्या तपासणी-साधनांतल्या, नकली फोनवर भरवसा ठेवू नका, मे महिन्यात स्वस्तातला फोन घेऊन उन्हात उभे राहा.

सातांतली दोन गिऱ्हाइकं परत आली. उरलेल्या पाचांच्या मूळ फाइली मी अजून जपून ठेवल्या आहेत.