पाच इंचांचा ग्रुप दोन इंचांवर आणताना

कोल्हापुरात महाविद्यालयात असताना एनसीसीच्या फायरिंगला आम्ही पालथे पडून पॉइंट टू टू रायफलीने पाच गोळ्या झाडत असू. नंतर उस्ताद टार्गेटजवळ जाऊन छिद्रांभोवती पेन्सिलीने रेघ ओढीत, आणि गोळ्या मध्यभागी लागल्या की नाही हे पाहण्याआधी त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या आहेत हे पाहत. साइट (नेम धरायचे साधन) फिरवून मध्यभाग कधीही गाठता येतो, ग्रुप, म्हणजे छिद्रांचा हा पुंजका, मात्र साइट फिरवून लहान होत नाही, असे ते सांगत. गेली काही वर्षे ओहायोत राहून एका जुन्या लष्करी रायफलीवर मी जे काम केले, त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर मला ते वाक्य पुन्हा नव्याने कळत गेले.

ही रायफल म्हणजे एम-वन गॅरंड. क्वेबेकमध्ये 1888 साली जन्मलेल्या जॉन गॅरंड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत अनेक वर्षे खपून ती घडवली आणि 1936 साली अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली. ती अर्धस्वयंचलित आहे. आठ काडतुसांची क्लिप वरून आत दाबायची, चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप चढते. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात वापरल्या गेलेल्या या रायफली अमेरिकेत सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था नागरिकांना विकते, मात्र त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व आणि संलग्न नेमबाजी क्लबचे सदस्यत्व लागते. भारतात सामान्य नागरिकाला अशा रायफलीचा परवाना मिळत नाही, त्यामुळे आमच्याकडच्या नेमबाजांना हा प्रकार अनोळखी वाटणे साहजिक आहे. नागरिकत्व मिळाल्यावर मी अर्ज केला. माझ्या रायफलीच्या रिसीव्हरवरचा (नळी ज्यात बसते त्या मधल्या पोलादी भागावरचा) क्रमांक 1943 सालचा आहे आणि ऑपरेटिंग रॉड, म्हणजे बाजूचा लांब दांडा, मागे ओढला की बॅरलच्या उजव्या अंगावर 1955 हे साल दिसते. म्हणजे युद्धानंतर कुठल्यातरी लष्करी कारखान्यात तिला नवी नळी बसवलेली आहे.

नेम सुधारायचा म्हणजे किती सुधारायचा, हे आधी ठरवावे असे माझे ठाम मत आहे. या रायफलींची स्पर्धा 200 यार्डांवर होते. तिथल्या टार्गेटवरचे दहा गुणांचे वर्तुळ 7 इंचांचे आणि त्यातले एक्सचे वर्तुळ 3 इंचांचे असते. नेमबाजीत कोनाचे मिनिट हे माप वापरतात आणि 100 यार्डांवर ते जेमतेम एका इंचाहून थोडे जास्त भरते, म्हणजे दहाचे वर्तुळ साधारण सव्वातीन मिनिटांचे झाले. तेव्हा 100 यार्डांवर तीन इंचांच्या आत ग्रुप देणारी रायफल या स्पर्धेला पुरेशी आहे. अर्ध्या इंचाच्या ग्रुपचा ध्यास इथे घेण्यात अर्थ नाही. माझी रायफल मात्र सुरुवातीला पाच इंचांचा ग्रुप देत होती, आणि तोही टेकूवर ठेवून. हे माप मी दहा गोळ्यांचे सांगते आहे. तीन गोळ्या योगायोगाने एका नाण्याखाली झाकल्या जाऊ शकतात आणि त्याच रायफलीच्या पुढच्या तीन गोळ्या बशीभर पसरू शकतात. दहा गोळ्या झाडल्या की रायफलीला काही लपवता येत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्याकडून मोठी चूक झाली. एका संध्याकाळी मी मागची साइट, ट्रिगरची स्प्रिंग आणि ऑपरेटिंग रॉडची स्प्रिंग असे तीन भाग एकदम बदलले. ग्रुप किंचित लहान झाला, पण तो कशामुळे झाला हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर एका वेळी एकच बदल, त्यानंतर दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप आणि वहीत नोंद, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

क्लबमधले एक निवृत्त मशीनिस्ट गृहस्थ आहेत. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे आहेत आणि मी त्यांना गुरुस्थानी मानते. त्यांनी रायफल हातात घेतली ती नुसती हलवून पाहायला. गॅरंडचे तीन मुख्य जोड असतात: बॅरल आणि रिसीव्हर, लाकडी स्टॉक म्हणजे दस्ता, आणि खालून बसणारा ट्रिगरचा संच. ट्रिगर गार्ड खटकन बंद करताना तोच रिसीव्हरला लाकडावर दाबून धरतो. म्हणून गार्ड बंद व्हायला साधारण अर्धा इंच उरला असताना बोटाला जोर लागू लागला पाहिजे. माझा गार्ड डब्याच्या झाकणासारखा सहज बंद होत होता, कारण जुन्या अक्रोडाच्या लाकडावर वर्षानुवर्षे दाब आणि तेल पडून ते दबले होते. रिसीव्हर लाकडात जरा हलत असेल, तर प्रत्येक गोळीच्या धक्क्यानंतर तो थोड्या निराळ्या जागी बसतो आणि पुढची गोळी निराळी जाते. नवा स्टॉक आणला, त्याला जवसाचे तेल चोळले (आपल्याकडे क्रिकेटच्या बॅटला चोळतात तेच), आणि केवळ या एका बदलाने ग्रुप साडेतीन इंचांपर्यंत आला.

पुढचा दोष ज्या जागी सापडला तिथे मी तो शोधलाच नसता. गॅरंडमध्ये गोळी नळीच्या तोंडाजवळ पोहोचली की थोडा वायू खालच्या भोकातून गॅस सिलिंडरमध्ये येतो, ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो आणि तो रॉड बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा पोलादी भाग, उघडतो. पुढची साइट याच गॅस सिलिंडरवर बसवलेली असते. त्या गृहस्थांनी सिलिंडर दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे फिरवला, आणि तो केसभर हलला. म्हणजे मी डोळ्यांनी ज्या माशीवर, या पुढच्या साइटवर, नेम धरत होते तीच जागेवर स्थिर नव्हती. बॅरलवरच्या ज्या खाचांत सिलिंडर सरकवून बसवतात, त्यांच्या कडा त्यांनी पंच आणि हलक्या हातोडीने ठिकठिकाणी जराशा फुगवल्या, आणि मग लाकडी ठोकळ्याने ठोकत ठोकत सिलिंडर आत सरकला तेव्हा तो हलायचा थांबला.

घट्ट करण्याच्या या नादात मी पुढचे हॅन्डगार्ड, म्हणजे नळीवरचे लाकडी आवरणही गच्च बसवले, आणि ते चुकले. पहिल्या तीन-चार गोळ्या एका जागी आणि मग नळी तापू लागली की एकेक गोळी वर, आणखी वर, अशी उभी रांग टार्गेटवर दिसू लागली. तापलेले पोलाद लांबते. हॅन्डगार्डला पुढेमागे सरकायला जागा नसेल तर ते अडून नळीला वाकवते. लाकडाची मागची कड बारीक सॅन्डपेपरने घासून, अंगठ्याने ढकलल्यावर ते जरासे मागेपुढे सरकेल इतके सैल केले, तेव्हा ती रांग मोडली. ऑपरेटिंग रॉडचेही तसेच आहे. त्याची स्प्रिंग काढून रायफल तिरकी धरली की रॉड आपल्याच वजनाने बोल्टसकट सुळकन खाली घरंगळला पाहिजे. वाटेत कुठे अडला तर तो लाकडाला नाहीतर नळीला घासतो आहे असे समजावे. माझा रॉड स्टॉकच्या आत एका ठिकाणी घासत होता. मेणबत्तीची काजळी रॉडला लावून रायफल जोडली, दोनदा बोल्ट ओढला आणि पुन्हा उघडली, तर लाकडावर काळा डाग नेमका घासण्याच्या जागी उमटलेला होता. तेवढीच जागा खरवडली.

काडतुसांबद्दल मी थोडक्यात लिहिते, पण नेम सुधारण्याच्या खर्चाचा सर्वांत चांगला मोबदला इथेच मिळतो असे मला वाटते. सैन्याचे जुने एम-टू काडतूस 150 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) आसपासच्या गोळीचे असते आणि ते स्पर्धेसाठी बनलेले नव्हते. 168 ग्रेनची मॅच, म्हणजे स्पर्धेची, गोळी घालून भरलेल्या काडतुसांनी माझा ग्रुप आणखी जवळजवळ एक इंचाने आवळला. मात्र या रायफलीला कुठलीही बंदुकीची दारू चालत नाही. मंद जळणाऱ्या दारूमुळे वायूचा दाब गॅसच्या भोकापाशी वाढतो आणि लांब, वाकड्या आकाराचा ऑपरेटिंग रॉड त्याने वाकू शकतो. शिवाय या रायफलीची फायरिंग पिन स्प्रिंगशिवाय मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला, म्हणजे काडतुसाच्या तळाशी ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीला, हलकासा टिपका मारते. म्हणून प्रायमर काडतुसाच्या तळापेक्षा किंचित आत बसलेला असणे ही सुरक्षिततेची बाब आहे आणि मी प्रत्येक काडतुसावरून बोट फिरवून ती तपासते.

शेवटी बेडिंग, म्हणजे रिसीव्हरची लाकडातली बैठक पक्की करणे. स्प्रिंगफील्ड आर्मरीत 1953 पासून स्पर्धेसाठी खास नॅशनल मॅच गॅरंड तयार होऊ लागल्या, आणि पुढे त्यांच्या स्टॉकमध्ये रिसीव्हरच्या बैठकीला काचतंतू मिसळलेल्या रेझिनचा थर देण्याची पद्धत आली. लाकूड दबते, पावसाळी हवेत फुगते. रेझिन तसे करत नाही. मी हे काम गुरुजींच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या नजरेखाली केले. पोलादाला रेझिन चिकटू नये म्हणून मेणाचा पातळ हात द्यायचा, प्रत्येक भोक मातीने बुजवायचे, रायफल जोडायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रबरी हातोडीने ठोकून रिसीव्हर सुटा केला तेव्हा त्याच्या प्रत्येक कंगोऱ्याचा ठसा रेझिनमध्ये इतका स्वच्छ उमटला होता की ओतकामातल्या साच्याची आठवण व्हावी. त्या दिवशीपासून माझी रायफल दहा गोळ्यांत दोन इंचांच्या आसपास राहते. स्लिंग, म्हणजे रायफलीचा पट्टा, दंडाला ताणून बांधली की तो ताण स्टॉकच्या पुढच्या टोकामार्गे नळीवर येतो आणि गोळ्या थोड्या खाली जातात, म्हणून साइटचा झीरो (गोळी मध्यभागी लागेल अशी साइटची जुळणी) मी आता टेकूवर न घेता स्लिंग बांधूनच घेते.

बेडिंग केलेली रायफल वारंवार उघडू नये, कारण प्रत्येक वेळी रिसीव्हर बाहेर काढताना रेझिनच्या कडा झिजतात. त्यामुळे मी ती हंगामातून एकदाच उघडते. गॅरंडची नळी मागच्या बाजूने साफ करता येत नाही, सळई तोंडातूनच घालावी लागते, आणि तिच्या घासण्याने नळीचे तोंड झिजून ग्रुप पसरतो. म्हणून लोखंडी सळई मी पेटीतून काढून टाकली आहे. प्लॅस्टिकचे आवरण असलेली सळई आणि नळीच्या तोंडावर बसणारी पितळी टोपी वापरते, आणि दर हंगामाच्या शेवटी तोंडाची झीज गेजने मोजून वहीत लिहिते. पहिल्या वर्षी गेजवर 2 हा आकडा होता, आजही तोच आहे.

लेक एरीच्या काठावरच्या कॅम्प पेरीला 1907 पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात. मागच्या उन्हाळ्यात तिथे पालथे पडून सावकाश झाडलेल्या दहापैकी नऊ गोळ्या दहाच्या वर्तुळात गेल्या. उभ्याने झाडलेल्या दहांपैकी तीनच गेल्या, एक तर सात गुणांच्या वर्तुळाबाहेर पडली, आणि तो दोष रायफलीचा नाही. म्हणून या हिवाळ्यात रायफलीवर काही काम करायचे नाही असे ठरवले आहे. जेवणे आटोपली की रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करते, समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्यावर नेम धरते आणि उभ्याने वीस वेळा चाप ओढते.